कॅसिओ एफएक्स-९९१ईएक्स: स्टॅट्सच्या गृहपाठाला कितपत पुरतो?

कॅसिओचा एफएक्स-९९१ईएक्स दुकानात इंजिनिअरिंगवाल्यांचा कॅल्क्युलेटर म्हणून दाखवतात. मॅट्रिक्स, त्रिघाती समीकरण, इंटिग्रेशन, झालं. मेन्यूतला ६ नंबरचा स्टॅटिस्टिक्स आणि ७ नंबरचा डिस्ट्रिब्युशन कुणी उघडूनही बघत नाही. खरं तर बी.एस्सी. स्टॅट, बी.कॉम., बीबीए, एमबीएचं पहिलं वर्ष किंवा इंजिनिअरिंगच्या एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) मधलं प्रोबॅबिलिटीचं युनिट, यातल्या कशासाठीही हा कॅल्क्युलेटर घेणार असाल तर पैसे याच दोन मेन्यूंचे वसूल व्हायचे आहेत. म्हणून इथे फक्त त्यांच्याबद्दल.

निकाल आधीच सांगून टाकतो: घ्यावा. पण हा यंत्राचा तुकडा तुमच्या पुस्तकाने विचारलेला प्रश्न सोडवत नाही, त्याला स्वतःला कळलेला प्रश्न सोडवतो. बहुतेक वेळा दोन्ही एकच असतात. जिथे नसतात तिथे तो एररही देत नाही, शांतपणे दुसरं उत्तर दाखवतो आणि जर्नलमध्ये लाल शेरा बसतो.

आधी सेटिंग. वारंवारतेचा रकाना मुळात बंद असतो. शिफ्ट आणि मेन्यू दाबून सेटअपमध्ये जा, खाली बाण दाबून दुसऱ्या पानावर स्टॅटिस्टिक्स निवडा आणि फ्रिक्वेन्सी ऑन करा. हे डेटा भरण्याआधी करायचं, कारण हे सेटिंग बदललं की भरलेला सगळा डेटा पुसला जातो. स्टॅटिस्टिक्समधून बाहेर पडून साधा गुणाकार करायला कॅल्क्युलेट मेन्यूत गेलात तरी पुसला जातो, आणि एका चलावरून दोन चलांवर गेलात तरीही. चाळीस आकडे भरल्यावर हे कळलं तर फार वाईट वाटतं. मधला गुणाकार करायचाच असेल तर मोड न सोडता एसी दाबा. तिथेच साधं गणित करता येतं आणि डेटा शाबूत राहतो. जागा भरपूर आहे: एकच रकाना असेल तर १६० ओळी, दोन असतील तर ८०, तीन असतील तर ५३. गृहपाठातलं गणित याच्या बाहेर सहसा जात नाही.

आता एक नेहमीचं गणित घेऊ. वर्ग ०–१०, १०–२०, २०–३०, ३०–४०, ४०–५० आणि वारंवारता ५, ८, १५, १६, ६. एक्सच्या रकान्यात मध्यबिंदू भरायचे (५, १५, २५, ३५, ४५), शेजारी वारंवारता. प्रत्येक आकड्यानंतर बरोबरचं चिन्ह. मग ऑप्शनच्या बटणातून १-व्हेरिएबल कॅल्क. सरासरी २७, सिग्मा एक्स ११.४८९, एस एक्स ११.६०६ (दोन्ही स्टँडर्ड डेव्हिएशनच, फरक पुढे), एन ५०. सगळ्यात आधी बघायचा तो हा एन. वारंवारतेच्या रकान्यात यंत्र स्वतःहून १ भरून ठेवतं, त्यामुळे एखादी ओळ भरायची राहिली तर ती रिकामी दिसत नाही, १ दिसते. एन तुमच्या बेरजेशी जुळला नाही तर पुढचं काहीच उतरवून घेऊ नका.

सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन इथपर्यंत काम चोख आहे. टेबल आखून एफ-डी, एफ-डी-स्क्वेअरचे रकाने भरायला जो वेळ जातो त्याच्या चौथाई वेळेत होतं. (टेबल तरी आखावं लागतंच, मार्क त्याचेच असतात. पण बेरजा पडताळायला एक्सची बेरीज आणि एक्स-वर्गाची बेरीज याच यादीत आहेत: १३५० आणि ४३०५०.)

गडबड त्याच यादीत खाली आहे. तिथे मेड, म्हणजे मध्यक, म्हणून २५ दिसतं. पुस्तकातलं सूत्र लावा: एन भागिले दोन २५, मध्यक वर्ग २०–३०, आधीची संचित वारंवारता १३, म्हणून २० + (१२ ÷ १५) × १० = २८. कॅल्क्युलेटर २५ सांगतोय, पुस्तक २८. चूक कुणाचीच नाही. यंत्राला वर्ग माहीतच नाहीत. त्याच्या लेखी पंधरा जणांचं मूल्य बरोब्बर २५ आहे, वर्गात ते पसरलेत हे त्याला कोण सांगणार? पहिल्या चतुर्थकाचंही तसंच: यंत्र १५ देतं, सूत्राने १९.३७५ येतं. तेव्हा वर्गीकृत डेटाच्या गणितात मेड, क्यू-वन, क्यू-थ्री या ओळींकडे ढुंकूनही बघायचं नाही. बहुलक तर हा कॅल्क्युलेटर देतच नाही, ३०.९१ हाताने काढावा लागतो.

अवर्गीकृत डेटातही चतुर्थकं जपून वापरा. १२, १५, १९, २२, २६, ३०, ३३, ४१ ही आठ मूल्यं घ्या. अकरावीपासून आपण (एन + १) ÷ ४ वं पद घेतो, म्हणजे सव्वादोनावं पद, उत्तर १६. कॅसिओ यादीचे दोन भाग करून खालच्या भागाचा मध्यक घेतो, उत्तर १७. एक्सेलचं नेहमीचं क्वार्टाइल फंक्शन १८ देतं. तिघंही आपापल्या व्याख्येने बरोबर. प्रॅक्टिकलमध्ये एक्सेलचा प्रिंट, जर्नलमध्ये कॅल्क्युलेटरचं उत्तर आणि वहीत सूत्र असं तिन्ही असेल तर व्हायवात उत्तर द्यायची तयारी ठेवा.

सिग्मा एक्स आणि एस एक्स यांच्यात गोंधळ करणारे सगळ्यात जास्त. सिग्माला एनने भागलेलं आहे, एसला एन वजा एकने. वर्णनात्मक गणितात, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन काढा, कोएफिशंट ऑफ व्हेरिएशन काढा, असं असेल तिथे आपल्याकडची पुस्तकं सिग्मा घेतात. नमुन्यावरून टेस्ट आली की एस. टी-टेस्टमध्ये दोन रस्ते आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत: एस घेऊन √एनने भागा, नाहीतर सिग्मा घेऊन √(एन − १)ने भागा. भेसळ केली की गेलं. पाच पाकिटांची वजनं ४९८, ५०३, ४९५, ५०१, ४९३ ग्रॅम आहेत आणि सरासरी ५०० आहे का ते तपासायचंय. एस ४.१२३, √५ने भागून १.८४४, टी = −१.०८५. सिग्मा ३.६८८, √४ने भागूनही तेच १.८४४. पण सिग्मा घेऊन √५ने भागलं की टी −१.२१३ होतो. इथे टेबल व्हॅल्यू २.७७६ आहे, निष्कर्ष बदलत नाही, म्हणून चूक लक्षातही येत नाही. सीमेवरच्या गणितात ती निष्कर्ष उलटवते.

रिग्रेशनसाठी टाइप बदलून वाय = ए + बीएक्स घ्या. ए म्हणजे इंटरसेप्ट, बी म्हणजे उतार; काही पुस्तकांत हे उलटे असतात, तेव्हा अक्षरावर जाऊ नका, एक्सला चिकटलेला कोण ते बघा. समजा एक्स २, ४, ६, ८, १० तास अभ्यास आणि वाय ५०, ५५, ५३, ६८, ७४ मार्क. यंत्र सांगतं ए ४१.७, बी ३.०५, आर (कोरिलेशन) ०.९२६. एका झटक्यात.

पण आपल्या विद्यापीठांच्या पेपरांत प्रश्न हमखास असतो तो दोन्ही रिग्रेशन रेषांचा, आणि यंत्र देतं फक्त वायची एक्सवरची. एक्सची वायवरची रेषा हवी तर रकाने उलटे भरून पुन्हा चालवा, किंवा बी-एक्सवाय = आर गुणिले सिग्मा एक्स भागिले सिग्मा वाय हे वापरा; इथे ०.२८१ येतं. खरा सापळा आहे एक्स-हॅट. ऑप्शनमध्ये रिग्रेशनखाली एक्स-हॅट आणि वाय-हॅट अशी दोन चिन्हं आहेत. ७० मार्कांसाठी किती तास, असा प्रश्न आला की हात आपोआप एक्स-हॅटकडे जातो आणि उत्तर येतं ९.२८. हे वायच्या रेषेतूनच उलटं काढलेलं आहे. पुस्तकाला हवं आहे एक्सच्या वायवरच्या रेषेतून: ६ + ०.२८१ × १०, म्हणजे ८.८१. एक्स-हॅट हे बटण गृहपाठात वापरूच नये, असं आमचं स्पष्ट मत. वाय-हॅट बिनधास्त वापरा.

स्पिअरमनचा रँक कोरिलेशन काढायचा असेल तर दोन्ही रकान्यांत रँक भरा आणि आर वाचा. बरोबरीच्या रँक नसतील तर तो तंतोतंत जुळतो. बरोबरी असेल तर करेक्शन फॅक्टरच्या सूत्राने येणारं उत्तर थोडं वेगळं असतं, तिथे सूत्रच लिहा.

एक युक्ती मात्र फारशी कुणाला माहीत नाही, आणि मोमेंट्सच्या गणितात ती अर्धा तास वाचवते. एका चलाच्या मोडमध्ये एक्स-घनाची बेरीज मिळत नाही. दोन चलांच्या मोडमध्ये मिळते, एक्सच्या चौथ्या घाताचीही मिळते. म्हणून स्क्यूनेस, कर्टोसिस काढायचं असेल तेव्हा मुद्दाम वाय = ए + बीएक्स टाइप घ्या, एक्समध्ये मध्यबिंदू आणि तिसऱ्या रकान्यात वारंवारता भरा, वाय शून्य राहू द्या. रिग्रेशनकडे बघू नका, २-व्हेरिएबल कॅल्कच्या यादीत खाली जा. वरच्याच गणितात एक्स-घनाची बेरीज १४,९४,७५० येते. ५०ने भागून तिसरा रॉ मोमेंट २९,८९५, दुसरा ८६१, पहिला २७. तिसरा सेंट्रल मोमेंट = २९८९५ − ३ × ८६१ × २७ + २ × २७ चा घन = −४८०. व्हेरिअन्स १३२, म्हणून गॅमा-वन = −४८० ÷ १३२ चा दीड घात = −०.३१७. असाच चौथा. हाताने एफ-डी-क्यूब, एफ-डी-फोर्थचे रकाने भरणाऱ्यांनी निदान पडताळ्याला तरी हे करावं, कारण त्या रकान्यांत वजाचं चिन्ह गळणं हा ठरलेला अपघात आहे.

डिस्ट्रिब्युशनच्या मेन्यूत सात गोष्टी आहेत: नॉर्मल पीडी, नॉर्मल सीडी, इन्व्हर्स नॉर्मल, बायनोमिअल पीडी आणि सीडी, पॉयसॉन पीडी आणि सीडी. पीडी म्हणजे नेमक्या त्या मूल्याची, सीडी म्हणजे तिथपर्यंतची. नॉर्मल पीडी गृहपाठाला जवळजवळ लागतच नाही. ती वक्राची उंची देते, प्रोबॅबिलिटी नव्हे. नवीन मुलं पहिल्यांदा तिथेच जातात, कारण यादीत ती आधी दिसते.

नॉर्मल सीडीत लोअर, अपर, सिग्मा, म्यू असा क्रम आहे. सिग्मा आधी! आपण सगळे म्यू आधी वाचतो, म्यू आधी लिहितो. सरासरी ६०, एसडी ८, ७२ च्या वर किती, तर लोअर ७२, अपर १ गुणिले १० चा ९९ वा घात, सिग्मा ८, म्यू ६०, उत्तर ०.०६६८. सवयीने ६० आधी आणि ८ नंतर टाकलं तर ०.१४३१ येतं. एरर नाही, काही नाही, दिसायला अगदी शहाणं उत्तर. इन्व्हर्स नॉर्मलमध्ये एरिया नेहमी डावीकडचा. वरच्या १० टक्क्यांची मर्यादा हवी तर ०.९ टाकायचं, ७०.२५ येतं, ०.१ टाकलंत तर खालच्या १० टक्क्यांची, ४९.७५.

बायनोमिअल सीडी 'एक्स किंवा त्याहून कमी' देते. एन १०, पी ०.२ असताना किमान ३, म्हणजे १ वजा सीडी(२) = ०.३२२२. सीडी(३) वजा केलं तर ०.१२०९. 'किमान', 'पेक्षा जास्त', 'जास्तीत जास्त' हे शब्द प्रश्नात अधोरेखित करा आणि मगच मेन्यू उघडा.

टेबल बघूनच उत्तर लिहायची सक्ती असेल, आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असते, तर डिस्ट्रिब्युशनपेक्षा स्टॅटिस्टिक्समधलं नॉर्म डिस्ट कामाचं. एसी दाबून ऑप्शनमध्ये खाली गेलं की पी, क्यू, आर मिळतात: पी म्हणजे डावीकडचं सगळं क्षेत्र, क्यू म्हणजे शून्यापासून झेडपर्यंतचं, आर म्हणजे उजवीकडचं. आपल्या बऱ्याच पुस्तकांच्या शेवटी असलेलं टेबल हे क्यूच आहे. क्यू(१.५) = ०.४३३२, टेबलाशी हुबेहूब. फक्त झेड आधी दोन दशांशांवर आणा. झेड १.३३३३ तसाच दिलात तर ०.४०८८ येतं, टेबलात १.३३ समोर ०.४०८२ आहे, आणि तपासणारा टेबल उघडून बसलेला असतो.

या कॅल्क्युलेटरची मोठी उणीव: टी, काय-स्क्वेअर, एफ यांपैकी एकही वितरण त्यात नाही. टेस्टिंगच्या युनिटला टेबलं लागणारच. टेस्ट स्टॅटिस्टिक काढायला मात्र ८ नंबरची स्प्रेडशीट बरी पडते, पाच रकाने आणि ४५ ओळी. फासा ६० वेळा टाकला आणि ८, १२, ९, ११, ६, १४ असं पडलं, तर ए रकान्यात हे, बी मध्ये सगळीकडे १०, आणि ऑप्शनमधल्या फिल फॉर्म्युलाने सी मध्ये (ए१ − बी१) चा वर्ग भागिले बी१, सी१ ते सी६. बेरीज ४.२, पाच डिग्री ऑफ फ्रीडमला टेबल व्हॅल्यू ११.०७०, फासा सरळ मानायला हरकत नाही. पण शीट भरून चहाला उठू नका. कॅल्क्युलेटर आपोआप बंद झाला किंवा मोड बदलला की शीट कोरी. २ × २ च्या टेबलाला एवढाही खटाटोप नको, चार घरांना ए, बी, सी, डी म्हणून एडी वजा बीसीचं सूत्र सरळ टाका. एनोव्हाला (अनेक गटांच्या सरासऱ्यांची तुलना) तर हा कॅल्क्युलेटर पुरतच नाही. करेक्शन फॅक्टर आणि बेरजा काढण्यापुरता वापरा, बाकी घरी एक्सेल किंवा आर हे सॉफ्टवेअर.

शिफ्टबरोबर ऑप्शन दाबलं की स्क्रीनवर क्यूआर कोड येतो आणि फोनने स्कॅन केला की डेटा आलेखासह दिसतो. स्कॅटर डायग्राम जर्नलमध्ये काढण्याआधी अंदाज घ्यायला छान. परीक्षेत अर्थातच निरुपयोगी.

जुना एफएक्स-९९१ईएस प्लस घरात असेल तर लगेच फेकू नका. मोड ३ मध्ये स्टॅट, डेटा भरून एसी, मग शिफ्ट १. पी, क्यू, आर त्यातही आहेत, रिग्रेशनही आहे. निकाल मात्र एकेक करून मागावा लागतो, ईएक्ससारखी अख्खी यादी समोर येत नाही, आणि ओळी निम्म्या: ८०, ४०, २६. दादा-ताईकडून वारशाने आलेला असेल तर पहिली दोन वर्षं आरामात निघतात. त्याहून जुना ८२एमएस मात्र स्टॅटसाठी नको. त्यात भरलेला डेटा एका नजरेत दिसत नाही, एम-प्लस दाबत जायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. नवा ९९१सीडब्ल्यू दिसायला सुरेख आहे, पण बटणांची मांडणी पूर्ण बदललीय आणि बरीच फंक्शन्स कॅटलॉगमध्ये गेलीत. वर्गात सगळ्यांकडे ईएक्स किंवा ईएस असताना सरांनी सांगितलेली बटणं त्यावर सापडत नाहीत. पहिल्यांदाच घेताय आणि मॅन्युअल वाचायची तयारी आहे, तर सीडब्ल्यूही चालेल.

ईएक्स प्रोग्रामेबल नाही, त्यामुळे जिथे साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरला परवानगी असते तिथे तो सहसा चालतो. तरी हॉल तिकिटामागच्या सूचना वाचा. गेटसाठी याच्यावर हात बसवून उपयोग नाही, तिथे स्वतःचा कॅल्क्युलेटर नेताच येत नाही, स्क्रीनवरचाच वापरावा लागतो. स्टॅट्समधून आयआयटी-जॅम देणाऱ्यांनाही तेच लागू.

विकत घेताना डुप्लिकेटपासून सांभाळा. कॅसिओच्या नावाने नकली माल भरपूर फिरतो. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात घ्या किंवा ऑनलाइन, पक्कं बिल आणि वॉरंटी कार्डावर शिक्का हवाच. दुकानातच मेन्यू ६ उघडा, वरची पाच मध्यबिंदूंची यादी भरा, आणि सरासरी २७, सिग्मा ११.४८९ येतंय का बघा. मग मेन्यू ७ मधलं ०.०६६८. क्यूआर कोडही काढून फोनने स्कॅन करून बघा. एवढ्याला पाच मिनिटं लागतात, दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान बघा.